तांबड्या पायांचा भुंगेरा : त्याची ओळख आणि त्याचा संचार



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा आम्ही 'एक भुंगेरा' असे उत्तर दिले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "दुसरा काही विषय नाही का?" त्यांचेही बरोबरच होते. काल याच व्यासपीठावरून संतवाङ्मयावर व्याख्यान झाले, उद्या शेतमालाच्या भावांवर व्हायचे आहे, आणि मधली एक संध्याकाळ तांदळाच्या दाण्याएवढ्या किड्याला द्यायची, हे कोणत्या चिटणीसाला रुचेल? पण हा किडा तुमच्या-आमच्या घरात येऊन गेलेला आहे. खोबऱ्याची वाटी फोडताना, सुक्या बोंबलाची टोपली उपसताना किंवा अलीकडे कुत्र्यामांजरांच्या विकतच्या खाद्याची पिशवी उघडताना चकचकीत निळसर काहीतरी झरझर पळाले असेल, आणि तुम्ही ते पायाखाली चिरडले असेल. तोच आमचा आजचा विषय. समोरच्या मेजावर आम्ही तीन डब्या आणि एक भिंग ठेवले आहे. त्यांच्याकडे आपण शेवटी वळू.

प्रथम त्याचे कूळ सांगतो. पुढचे दोन पंख कठीण होऊन पाठीवर ढालीसारखे बसलेले असतात, अशा कीटकांना ढालपंखी म्हणतात. त्यांतले एक कूळ क्लेरिडी. जगात त्याच्या साडेतीन हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या अंगावर तांबडे, पिवळे, काळे पट्टे आडवेतिडवे असतात आणि बुद्धिबळाचा पट मांडल्यासारखे दिसते, म्हणून इंग्रज लोक या साऱ्या कुळाला चौकटीचे भुंगेरे म्हणतात. आमच्या भुंगेऱ्याच्या अंगावर मात्र औषधालासुद्धा एक चौकट नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातलीच गत. या कुळाचा मूळ धंदा शिकारीचा. युरोपात मुंगीसारखा दिसणारा एक भुंगेरा पाइनच्या सालीखालच्या किड्यांची शिकार करून जगतो. आपल्या देशात टिलस नोटॅटस नावाचा याच कुळातला कीटक बांबू पोखरणाऱ्या किड्यांच्या मागे लागतो. आमच्या भुंगेऱ्याच्या शाखेने शिकार सोडली नाही, पण तिला कोरड्या मढ्याचीही गोडी लागली. तिचे शास्त्रीय नाव नेक्रोबिया. ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थ मृतांत जगणारा असा आहे.

नेक्रोबियाच्या तीन जाती माणसाच्या वखारीत आणि कोठारात येतात. त्यांना मराठीत नावे नाहीत. व्यापारी नुसते 'किडा' म्हणतात, आणि त्याला दुसरे काही म्हणण्याची सवडही त्यांना नसते. म्हणून आजच्या पुरती आमच्या पदरची नावे वापरतो. पहिला तांबडपाया, म्हणजे नेक्रोबिया रूफिपेस. स्वीडनच्या डी गीरने १७७५ साली त्याचे वर्णन केले. दुसरा तांबडमान्या, म्हणजे नेक्रोबिया रूफिकॉलिस. याला फॅब्रिशियसने त्याच १७७५ साली नाव दिले. तिसरा सगळा निळा, नेक्रोबिया व्हायोलेशिया. तो तर लिनीअसच्या १७५८ च्या ग्रंथातच आहे.

तिघेही चार-पाच मिलिमीटरांचे. तांबडपाया कधी सातापर्यंत जातो. तिघांच्याही पाठीवर निळ्या-हिरव्या धातूची झाक, बारीक खळग्यांच्या ओळी आणि उभे काळे केस. शास्त्रात ज्यांना शृंगिका म्हणतात त्या मिशांना टोकाशी तीन मण्यांची गाठ. आता फरक पाहा. मान, म्हणजे डोक्यामागचा छातीचा भाग, तांबूस असेल आणि पंखांचा पुढचा सुमारे चौथा हिस्साही तांबूस असेल, तर तो तांबडमान्या. त्याच्याबद्दल घोटाळा होण्याचे कारण नाही. मान आणि पंख निळे असतील तर पाय पाहावे. पाय तांबडे, मिशांचे बूडही तांबूस आणि गाठ तेवढी काळपट, तर तो तांबडपाया. पाय काळपट, मिशाही मुळापासून काळपट, तर तो निळा. इतके सोपे आहे, आणि इतक्या सोप्या गोष्टीत आम्ही कसे फसलो ते पुढे येईलच.

पण आधी तांबडमान्याची कथा सांगितली पाहिजे, कारण एवढ्याशा ओळखीची किंमत काय होऊ शकते हे तिच्यातून जितके कळते तितके दुसऱ्या कशातून कळत नाही.

फ्रान्सच्या राज्यक्रांतीचे दिवस. ब्रीव्ह गावचा पिएर आंद्रे लात्रेय हा धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेला, एकतीस वर्षांचा, आणि कीटकांच्या नादी लागलेला गृहस्थ. धर्मोपदेशकांनी नव्या राज्यव्यवस्थेशी निष्ठेची शपथ घ्यावी असा कायदा झाला होता. त्याने ती वेळेवर घेतली नाही, म्हणून १७९३ साली तो पकडला गेला आणि पुढे त्याची रवानगी बोर्दोच्या तुरुंगात झाली. त्या काळी या अपराधाला कोणती शिक्षा होती हे सांगायला नको. एके दिवशी तुरुंगाचा वैद्य कैद्यांची तपासणी करीत आला. पाहतो तो हा एक कैदी जमिनीवर डोळे लावून एका बारीक किड्याकडे टक लावून बसलेला. वैद्याने विचारले, तेव्हा लात्रेयने सांगितले की हा कीटक फार दुर्मीळ आहे. वैद्याला नवल वाटले. त्याच गावात बोरी द सँ-व्हँसाँ नावाचा पंधरा वर्षांचा एक मुलगा कीटक जमवीत असे. वैद्याने तो किडा त्या मुलाकडे पाठवला. मुलाला लात्रेयचे नाव त्याच्या लेखनावरून ठाऊक होते. त्याने आपल्या ओळखीच्या माणसांकरवी खटपट केली आणि लात्रेय सुटला. त्याच्याबरोबरच्या कैद्यांपैकी बहुतेक महिन्याभरात मेले, असे चरित्रकार सांगतात. तपशील प्रत्येकजण थोडे इकडेतिकडे करून सांगतो; पण किडा, वैद्य आणि मुलगा ही तीन पात्रे सर्वत्र आहेत.

लात्रेय पुढे पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात गेला. १८३० साली तो तेथे कीटकशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १८३३ साली वारला. पॅरिसमधल्या त्याच्या समाधीच्या स्तंभावर आजही या भुंगेऱ्याचे चित्र कोरलेले आहे आणि त्याखाली लात्रेयचा तारणहार अशा अर्थाची लॅटिन ओळ आहे. माणसाच्या समाधीवर देवाची, राजाची, फार तर कुत्र्याची मूर्ती आम्ही पाहिली आहे. किड्याला हा मान मिळाल्याचे दुसरे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

आता असे पाहा. हा किडा त्यापूर्वी अठरा वर्षे शास्त्राला ठाऊक होता. लात्रेयने काही नवी जात शोधून काढली नव्हती. त्याने केवळ अंधाऱ्या कोठडीत तो ओळखला, आणि ज्याच्या हाती तो गेला त्या पोरालाही ओळख पटली. दोघांपैकी एकाने जरी 'असेल कसला तरी किडा' म्हटले असते तरी गोष्ट तेथेच संपली असती.

असो. आता संचाराविषयी. आमचा तांबडपाया आज जगाच्या सर्व उष्ण भागांत आहे आणि थंड देशांतही मालाच्या पोत्यांतून जातो. निळा मात्र थंड हवेत अधिक रमतो. युरोपातल्या माळरानावरच्या हाडांत तो सहज सापडतो. यांचे मूळ घर कोणते हा प्रश्न विचारण्यात आता फारसे स्वारस्य उरलेले नाही, कारण जगातल्या गलबतांनी ती खूण केव्हाच पुसून टाकली. सुके मांस, सुकी मासळी, कातडी, हाडे, खोबरे, चीज ही त्याची वाहने. इंग्रजीत त्याची दोन नावे आहेत. एक डुकराच्या खारवलेल्या मांसावरून पडले आणि दुसरे खोबऱ्यावरून. दोन नावांतच त्याचा अर्धा नकाशा आला. आपल्या किनाऱ्यावर मलबारचे खोबरे पूर्वी फत्तेमारीतून मुंबईला येई, आता मालमोटारीतून येते. वाहन बदलले तरी फुकट्या प्रवासी तोच.

त्याच्या प्रवासाचा आणखी एक टप्पा ऐकण्यासारखा आहे. १८३४ साली इंग्लंडात ईजिप्तच्या ममींवर एक ग्रंथ निघाला. त्यात होप नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने ममीत सापडलेल्या भुंगेऱ्याला नवी जात समजून ममीचा नेक्रोबिया अशा अर्थाचे नाव दिले. पुढे कळले की तो आपला तांबडपायाच. पण तो भुंगेरा प्राचीन ईजिप्तमधल्या मसाले भरणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत आत शिरला, की हजारो वर्षांनी एखाद्या व्यापाऱ्याच्या कोठारात शिरला, हे नुसत्या भुंगेऱ्यावरून ठरत नाही. जे नावाच्या पुढे जाऊन पाहत नाहीत त्यांची अशी फसगत होते. त्यांत आम्हीही आलो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रत्नागिरीकडच्या एका बंदरगावी आमचे जाणेयेणे असे. तेथे एका शेटची खोबऱ्याची वखार होती. वखारीच्या मागच्या अंगाला एक खोली होती. ती त्याने सुकी मासळी विकणाऱ्या एका बाईला भाड्याने दिली होती. वैशाखात ती आगोटीच्या विक्रीसाठी बोंबील, सोडे, सुकट भरून ठेवी. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी. कोकणाबाहेरच्या मंडळींसाठी सांगितले. त्या वर्षी शेटच्या खोबऱ्यात किडा पडला. गिऱ्हाइकाने माल परत धाडला. शेटचे म्हणणे पडले की किडा मागच्या खोलीतून आला. बाईचे म्हणणे, खोबऱ्यातूनच तिच्या मासळीत आला. आम्ही महाविद्यालयात कीटकशास्त्र शिकवतो हे शेटला ठाऊक होते. त्याने कागदाच्या पुडीत दहा-बारा किडे आणून पुढ्यात ठेवले आणि म्हणाला, "मास्तर, तुम्ही सांगाल ते खरे."

पुढे भिंग होते. आम्ही पाहिले. पाठ निळी, मान निळी, पाय काळे, मिशा काळ्या. म्हणजे निळा. आणि निळा हा हाडामांसाचा किडा. खोबऱ्यावर पोसणारा तो नव्हे. आम्ही तसे सांगितले. "मग मासळीतूनच आला म्हणायचा," शेट म्हणाला. आम्ही म्हटले, "बहुधा." एवढ्या 'बहुधा'वर आठवड्याभरात बाईची खोली गेली. तिने धक्क्याजवळ एक ताडपत्रीचा आडोसा केला आणि माल तेथे हलवला.

आम्हाला मात्र वेगळाच आनंद झाला होता. आमच्या किनाऱ्यावर निळा सापडला, ही नोंद छापण्याजोगी होती. लेखाचा मसुदाही लिहून झाला. नमुने टाचणीला लावण्यापूर्वी स्वच्छ करावेत, म्हणून त्यांतला एक बेंझिनमध्ये बुडवला. बशीत काळपट तवंग आला आणि किड्याचे पाय तांबडे झाले. दुसरा बुडवला, तिसरा बुडवला. सगळ्यांचे पाय तांबडे, मिशांची बुडेही तांबूस. खोबऱ्याचे तेल आणि वखारीची धूळ यांचा लेप बसून ते काळे झाले होते. म्हणजे ज्या तेलाने पाय माखले होते तेच तेल किडा कोणत्या ढिगाऱ्यात राहिला हे ओरडून सांगत होते, आणि आम्ही ते धुवायच्या आधी वाचले नाही.

तरी नुसत्या नावाने न्याय झाला नसता. तांबडपाया मासळीवरही जगतो. तेव्हा तो तांबडपाया आहे एवढ्यावरून बाई निर्दोष ठरत नव्हती. यासाठी अळी पाहावी लागते. भुंगेरा उडतो, चालतो, या खोलीतून त्या खोलीत जातो. अळी जेथे जन्मते तेथे राहते. तांबडपायाची अळी मळकट पांढरी, पाठीवर जांभळट-करड्या ठिपक्यांची, डोके तपकिरी, अंगावर केस विरळ आणि शेपटाला दोन गडद आकडे. ती उजेडाला भिते आणि आत शिरते. पूर्ण वाढली की एखादी कोरडी फट शोधते आणि तोंडातून फेस काढून तिचे दार बंद करते. हा फेस वाळून कागदासारखा पांढरा होतो. आतल्या आत तिचा कोश होतो. सुक्या मासळीवर दुसरीही एक अळी फार असते, चामडे खाणाऱ्या डर्मेस्टिस भुंगेऱ्याची. ती गडद आणि भरपूर केसाळ असते. दोघींत गल्लत होऊ नये.

आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. वखारीची खालची पोती उलटवून पाहिली. छपराचे एक कौल सरकले होते आणि मागल्या पावसाची ओल भिंतीत मुरली होती. त्या बाजूच्या खोबऱ्यावर बुरशी, आणि वाट्यांच्या पोटात त्या ठिपकेदार अळ्या. पोत्यांच्या शिवणीत पांढऱ्या कागदी दारांची रांग. मागची खोली अजून रिकामीच होती. तिच्या कोपऱ्यात मासळीचा चुरा पडला होता. त्यात केसाळ अळ्यांच्या काती होत्या, आमच्या किड्याचे एकही दार नव्हते. किडा कोणाकडून कोणाकडे जात होता हे एवढ्यावरून स्पष्ट झाले. शेटला सांगितले. तो म्हणाला, "मग आता?" या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

धक्क्यावर गेलो. पाऊस लवकर लागला होता. ताडपत्रीखालची मासळी भिजून वास मारीत होती. बाईला आम्ही सगळे सांगितले, बेंझिनचेही सांगितले. ती हसली. म्हणाली, "आता किडा धुऊन काय उपयोग, मास्तर? माझा माल तर धुऊन गेला." पुढच्या वर्षी शेटने खोली देऊ केली, पण ती काही परत आली नाही. आमचा लेख आम्ही फाडून टाकला. मनात येते, तो तसाच छापला गेला असता तर आज कोणत्या तरी ग्रंथातल्या नकाशावर निळ्याचा एक ठिपका कोकणात बसला असता, आणि पुढच्या अभ्यासकांनी तो उतरवून घेतला असता. संचाराचे नकाशे आम्ही नेहमी आदराने पाहतो. पण त्यांतला प्रत्येक ठिपका कोणीतरी भिंगातून पाहून टाकलेला असतो, आणि त्याने टाचणीला लावण्यापूर्वी किडा धुतला होता की नाही, हे नकाशावर लिहिलेले नसते.

व्यापारी मंडळी येथे बसली आहेत, त्यांच्यासाठी चार शब्द. ओल्या खोबऱ्यात जवळजवळ निम्मे पाणी असते. ते वाळवून शेकडा सहापर्यंत आणले आणि माल कोरड्या जागी राहिला, तर तांबडपायाला तेथे मजा येत नाही. त्याला ओलसर, बुरसटलेला माल आवडतो. म्हणून हा किडा दिसला की किड्याच्या आधी छपराकडे पाहावे. धुरी देऊन किडा मरतो, पण ओल राहिली तर पुढची पिढी येते. अमेरिकेत खारवलेल्या मांसासाठी याच किड्यावर मिथिल ब्रोमाइडची धुरी देत असत. तो वायू वातावरणातल्या ओझोनच्या थराला घातक ठरल्यामुळे काही अपवाद सोडून विकसित देशांनी २००५ पासून तो बंद केला. तेव्हापासून तेथेही स्वच्छता, फटी बुजवणे आणि जाळ्या लावणे या आजीबाईच्या उपायांना पुन्हा मान आला आहे.

कोणी विचारील, हा किडा निव्वळ चोरच का? तसेही नाही. आम्ही सुरुवातीला म्हटले की त्याने शिकार सोडलेली नाही. मासळीवरच्या माशांच्या अळ्या, डर्मेस्टिसची अंडी आणि पिले, इतकेच काय, स्वतःच्या जातीची अंडीसुद्धा तो खातो. १९२५ साली सिमन्स आणि एलिंग्टन या अमेरिकन संशोधकांनी त्याच्या राहणीचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. अशा अभ्यासांतून हे दुहेरी वागणे चांगले कळले आहे. वखारीत चोर आणि पहारेकरी एकाच अंगरख्यात असला, तर मालकाने काय करावे? आमच्या मते त्याला पहारेकरी म्हणून ठेवू नये. त्याचा पगार मालातूनच जातो.

एक गोष्ट थोडक्यात सांगून आवरतो, कारण सभेत स्त्रिया आणि मुले आहेत. मृत देहावर कीटक ठराविक क्रमाने येतात. फ्रान्सच्या मेन्यँने १८९४ साली त्यांच्या आठ टोळ्या वर्णिल्या. ओल असेपर्यंत माशा असतात. देह सुकू लागल्यावर नेक्रोबिया येतो. म्हणून गुन्ह्याच्या तपासात या भुंगेऱ्यालाही साक्षीला बोलावतात. देह किती दिवसांचा, याचा अंदाज त्याच्या अळीच्या वाढीवरून करता येतो. पण तीन जातींची वाढ सारख्या वेगाने होत नाही, आणि उष्णतेप्रमाणे तीच वाढ काही आठवड्यांची किंवा काही महिन्यांची होते. तेथे नाव चुकले तर एखाद्याचे दिवस चुकतात. वखारीतल्या खोलीची गोष्ट आम्ही सांगितली. न्यायालयातली कल्पना तुम्हीच करा.

आता या डब्या. पहिलीत तांबडपाया आहे, आमच्या त्या पुडीतला, धुतलेला. दुसरीत त्याच पुडीतला, पण मुद्दाम न धुतलेला. तिसरीत तांबडमान्या आहे, लात्रेयच्या आठवणीसाठी. रांगेने यावे, मुलांना आधी सोडावे. भिंग डोळ्याशी धरून डबी जवळ आणावी, म्हणजे स्पष्ट दिसते. पायाचा शेवटून दुसरा सांधा इतका बारीक आहे की तो दिसला नाही तर वाईट वाटून घेऊ नये, आम्हालाही पहिल्यांदा दिसला नव्हता. झाकण मात्र कोणी उघडू नये. वाळलेल्या किड्याचा पाय फुंकरेनेही तुटतो, आणि पाय तुटला की त्यात पाहण्यासारखे काही राहत नाही.